अकराव्या ताशी

निवृत्तीच्या दिवशी आम्ही मनगटावरचे घड्याळ उतरवून कपाटात ठेवले. वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली होती, जिल्हा परिषदेच्या शाळांत पस्तीस वर्षे खडू झिजवून झाला होता, धर्मग्रामाने रविवारच्या मिस्सेनंतर खांद्यावर शालही पांघरली होती. आता वाडीतल्या केळी, दारचा सोनचाफा आणि सायंकाळची रोझरी एवढ्यावर उरलेले आयुष्य सुखाने जाईल अशी आमची समजूत होती. ती समजूत सहा वर्षे टिकली.

जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने एक परिपत्रक काढले. जिल्हा परिषदांच्या शाळांतील रिक्त जागांवर नियमित भरती होईपर्यंत निवृत्त शिक्षकांना कंत्राटी पद्धतीने घ्यावे. मानधन दरमहा २० हजार रुपये. वयाची मर्यादा ७० वर्षे. आमच्या पालघर जिल्ह्यात ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला खरा, परंतु जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी या डोंगराळ तालुक्यांत मास्तर टिकत नाही हे दुखणे त्याहून कितीतरी जुने. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले शिक्षक काही वर्षे काढतात आणि आंतरजिल्हा बदली मिळाली की आपापल्या मुलखाला परततात. त्यांना नावे ठेवण्याचा आम्हांला अधिकार नाही. सेवेची पहिली पाच वर्षे डोंगरात काढल्यावर वसईकडची बदली हाती आली तेव्हा आम्ही साऱ्या आळीत पेढे वाटले होते.

अर्ज करावा की न करावा यावर घरात आठवडाभर खल झाला. ‘आपल्याला काय कमी आहे?’ हा सौ.चा प्रश्न. प्रश्न बिनतोड होता. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत लागलेल्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतन मिळते आणि आम्ही त्या भाग्यवंतांपैकी आहोत. त्यानंतर लागलेल्यांना तेच मिळावे म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यभर कर्मचाऱ्यांचा संप झाला होता. त्या संपात आमचे कितीतरी तरुण सहकारी होते. तेव्हा गरज नव्हती हे खरे. मात्र वीस हजारांचा मोहही नव्हता असे येथे लिहिले, तर पुढच्या पापनिवेदनात त्याचा वेगळा उल्लेख करावा लागेल. शिवाय एक गोष्ट आम्ही कोणाजवळ बोललो नव्हतो. ‘गुरुजी’ ही हाक ऐकून सहा वर्षे झाली होती. वाडीतल्या केळी गुरुजी म्हणत नाहीत.

कपाटातले घड्याळ बाहेर आले. पहाटे विरारला डहाणू लोकल, वैतरणेच्या खाडीवरचा पूल, सफाळे, केळवे रोड, पालघर. तेथून मनोरमार्गे एसटी, पुढे फाट्यावरून जीप आणि शेवटी मैलभर पायपीट. पहिल्या आठवड्यात गुडघ्यांनी राजीनामा लिहून ठेवला होता. पावसाळ्यातला तो मुलूख मात्र डोळ्यांना निववणारा. खाचरांत भात डोलत होते आणि पाड्यावरच्या कौलांतून धूर निघत होता.

शाळा पहिली ते चौथीची, पटावर त्रेचाळीस मुले. आमच्या येण्यापूर्वी एकच बाई चारही वर्ग सांभाळत होत्या. शिकवणे, हजेरीपत्रक, खिचडीचा हिशेब आणि भ्रमणध्वनीवरून वर पाठवायची माहिती हे सारे त्या एकटीवर. आम्ही गेल्यावर त्यांनी पहिली-दुसरी आमच्या हवाली केली. पस्तीस वर्षांचा अनुभव घेऊन आम्ही फळ्यापुढे उभे राहिलो आणि पंधरा मिनिटांत ध्यानात आले की मुलांना आमचे बोलणे कळत नाही. त्यांच्या घरची भाषा वारली, आमची पुस्तकी मराठी. आम्ही विचारावे आणि त्यांनी एकमेकांकडे पाहून हसावे.

तेव्हा दारात उभा असलेला एक तरुण आत आला. बहिणीच्या मुलाला सोडायला तो रोज येत असे. आमचे वाक्य त्याने वारलीत सांगितले आणि वर्गभर हात वर झाले. तो पाड्यावरचाच, बारावीनंतर डी.एड. झालेला, पात्रता परीक्षा दिलेला, आणि बोईसरच्या कारखान्यात ठेकेदाराकडे रातपाळी करणारा. पाळी संपवून यायचा, झोपायच्या आधी तासभर आमच्या वर्गात बसायचा. माहिती भरायचे जे काम आमच्या जाड बोटांना जमत नव्हते, ते तो भिंतीला टेकून पाच मिनिटांत उरकून द्यायचा. कशाचेही पैसे नाहीत.

त्याला नोकरी का नाही, हे आम्ही विचारले नाही, बाईंनी सांगितले. अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकांसह १७ संवर्गांची पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायची, असे ठरले आहे. परंतु त्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेल्याने भरती अडकली. म्हणजे जागा रिकामी होती, त्या जागेला हवा असलेला माणूस दारात उभा होता, आणि मधल्या काळापुरते म्हणून खुर्चीवर आम्ही बसलो होतो. बेरोजगार डी.एड.धारकांनी त्या परिपत्रकाला विरोध केल्याच्या बातम्या आम्ही जुलैत वाचल्या होत्या. वाचून पान उलटले होते.

२४ सप्टेंबर २०२३ च्या रविवारी मिस्सेला संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला होता. बाजारात दिवसभर रिकामे उभे राहिलेले, अकराव्या ताशी कामावर घेतलेले आणि तरीही पूर्ण दिनार मिळालेले ते मजूर. फादरांनी प्रवचन देवाच्या औदार्यावर केले, आणि ते उत्तम होते. आमचे चित्त मात्र भलतीकडेच गेले. आजवर या दाखल्यात आम्ही स्वतःला पहाटेपासून राबलेल्या मजुरांत धरत आलो होतो. त्या दिवशी वाटले, की आपण दाखल्यात नसलेलेच एक पात्र आहोत. पहाटे कामाला लागलो, दिनार घेऊन घरी गेलो, जेवलो, आणि अकराव्या ताशी दुसऱ्या दिनारासाठी पुन्हा रांगेत येऊन उभे राहिलो. ज्यांना दिवसभर कोणी कामावर घेतले नाही, ते अजून बाजारातच आहेत. आशीर्वाद झाला तरी आम्ही बाकावरच बसून होतो, सौ.ने कोपराने ढोसले.

चर्चची शिकवण या बाबतीत काय म्हणते ते आम्ही शोधून वाचले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्सर्चेन्स’ या परिपत्रकात काम हे माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, हे आग्रहाने मांडले आहे. बेकारीला त्यांनी तिथे अरिष्ट म्हटले आहे. त्याच पोपमहोदयांनी १ ऑक्टोबर १९९९ रोजी वृद्धांना उद्देशून पत्र लिहिले आणि म्हातारपणाची थोरवी गायिली. दोन्ही आम्हांला पटले. दोन्ही एकाच वर्गात कसे बसवावे हे मात्र उमगले नाही. वृद्धांनी सेवा करावीच. सेवेचे वीस हजार घ्यावेत का, हा प्रश्न पत्रात नसतो. २०२० च्या साथीत मुख्यमंत्र्यांनी निवृत्त परिचारिकांना साद घातली होती, तेव्हा असला प्रश्न कोणाला पडला नव्हता. तिथे हातच कमी होते. आमच्या शाळेत हात होते, आणि ते रात्री बोईसरला यंत्रावर होते.

मग आम्ही आमच्या मते एक तोडगा काढला. मानधनाची निम्मी रक्कम पाकिटात घालून त्या तरुणापुढे ठेवली. तू आमच्या वर्गाला शिकवतोस, हा तुझा वाटा, असे सांगितले. त्याने पाकीट हातात घेतले नाही. थोडा वेळ जमिनीकडे पाहत म्हणाला, ‘गुरुजी, तुमचे पैसे नकोत. मला ही खुर्ची पाहिजे. पण ती तुमच्या हातात नाही.’ बोलण्यात राग नव्हता. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा आला आणि फळ्यावर वारलीतली चार नावे लिहून त्याखाली मराठी शब्द लिहू लागला. पाकीट परत घेऊन घरी जाताना आम्हांला पालघरपर्यंत बसायला जागा मिळाली होती, तरी आम्ही उभेच राहिलो.

राजीनामा द्यावा असे मनात आले. बाईंना बोलून दाखवताच त्या उसळल्या. ‘तुम्ही गेलात म्हणजे त्याला मिळणार आहे का? पुन्हा त्रेचाळीस मुले माझ्या एकटीच्या गळ्यात.’ तेही खरेच. आम्ही राहिलो. त्यामागे मुलांची ओढ किती आणि महिन्याच्या पगाराची सवय किती, याचा हिशेब आम्ही मांडलेला नाही.

दिवाळीनंतर त्रेचाळीसातले सोळा दिसेनासे झाले. आईबापांनी उचल घेतली होती आणि कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून गेली होती. कुठल्या भट्ट्या, असे विचारले तर उत्तर आले, वसईच्या. म्हणजे आम्ही पहाटे ज्यांना शिकवायला साठ-सत्तर किलोमीटर जात होतो, त्यांतली काही मुले आमच्याच तालुक्यात माती तुडवत होती. सुटीच्या दिवशी त्या तरुणाला बरोबर घेऊन आम्ही भट्ट्या धुंडाळल्या. तीन मुले सापडली. पाट्या-पेन्सिली दिल्या, आणि पुढे दर शनिवारी सायंकाळी आमचे जाणे चालू राहिले. येथे मानधनाचा प्रश्नच नव्हता, म्हणून असेल, गुडघे कमी दुखले.

शैक्षणिक वर्ष संपले तसा आमचा करार संपला. नूतनीकरणासाठी आम्ही अर्ज केला नाही. घड्याळ पुन्हा कपाटात गेले. शेवटच्या दिवशी त्या तरुणाला आमची जुनी पाठ टाचणांची वही दिली. ती त्याने घेतली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी काही आदिवासी आमदारांसह मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली. त्यांच्या मागण्यांत पेसा क्षेत्रातली अडकलेली भरतीही होती. त्याच सुमारास अशा उमेदवारांना मानधनावर तात्पुरत्या नेमणुका देण्याचा मार्ग निघाला. काही आठवड्यांनी आम्हांला दूरध्वनी आला. त्याला शाळा मिळाली होती, आपल्या पाड्याची नव्हे, शेजारच्या तालुक्यातली. तात्पुरतीच, खुर्ची अजून त्याच्या नावाची नाही. अभिनंदन आम्ही पुरते उच्चारण्याआधीच त्याने विचारले, ‘गुरुजी, पहिलीतली एक मुलगी आहे. वारलीत विचारले तरी बोलत नाही. नुसती बघते. काय करू?’

आम्ही पडवीत खुर्ची ओढून घेतली आणि त्याला सांगू लागलो. सौ.ने दोनदा जेवायला हाक मारली.