वाळवंटातील मुक्काम : संध्याकाळ पाहावी, पण रात्र विचारात घ्यावी

वाचकहो, दिवाळी सरली की दवाखान्यात एक प्रश्न दरवर्षी येतो. मुलगा किंवा सून आई-वडिलांना घेऊन येते आणि विचारते, "डॉक्टर, यांना जैसलमेर दाखवायचं आहे. वाळवंटात तंबूत एक रात्र राहिलं तर चालेल ना?" मागच्या खुर्चीत बसलेल्या बाबांच्या चेहऱ्यावर 'नाही' ऐकण्याची भीती स्पष्ट दिसत असते. रक्तदाब आणि साखर मी तपासतोच, परंतु त्याआधी विचारतो, "बाबा, रात्री आपण किती वेळा उठता?" हा प्रश्न प्रवासाशी विसंगत वाटण्याचा संभव आहे. माझ्या अनुभवात मात्र वाळवंटातील मुक्काम निवडताना सर्वांत उपयोगी पडणारा प्रश्न हाच ठरला आहे.

जैसलमेरपासून पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर सम येथे वाळूच्या टेकड्या आहेत. राजस्थानचे वाळवंट पाहू इच्छिणारे बहुतेक पर्यटक तेथेच जातात. चार वाजेपर्यंत पांढुरकी दिसणारी वाळू उन्हे उतरू लागताच केशरी होते, वाऱ्याने उमटलेल्या रेघांमध्ये सावल्या भरतात आणि सूर्य क्षितिजाला टेकला की गर्दीही क्षणभर शांत होते. हे दृश्य पाहण्याची इच्छा सत्तरीत किंवा ऐंशीत कोणाला झाली, तर ती पुरवली पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. जैसलमेर समुद्रसपाटीपासून फारसे उंच नसल्याने विरळ हवेचा त्रास येथे होत नाही. प्रश्न असतो तो सूर्यास्तानंतरच्या वेळेचा.

जानेवारीत तेथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उगवतो तो साडेसातच्या सुमारास. म्हणजे रात्र तेरा तासांहून अधिक. दुपारी अंगावरचा स्वेटर काढावासा वाटतो. रात्री मात्र तापमान आठ अंशांच्या आसपास, आणि काही रात्री त्याहूनही बरेच खाली उतरते. कोरडी हवा आणि मोकळे आकाश यांमुळे वाळू दिवसभराची उष्णता झपाट्याने गमावते. थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, शरीराच्या मध्यभागातील रक्ताचे प्रमाण वाढते आणि मूत्रपिंडे अधिक लघवी तयार करतात. त्यातच प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असेल, मधुमेह असेल किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर घरी दोनदा उठणारी व्यक्ती तेथे चार वेळा उठते.

आठ वर्षांपूर्वी मी माझ्या आईला सम येथे घेऊन गेलो होतो. ती तेव्हा शहात्तर वर्षांची होती. बहीणही बरोबर होती. छायाचित्रे पाहून टेकड्यांलगतचा एक तंबू आम्ही ठरवला. जाहिरातीत 'जोडशौचालय' असे लिहिले होते आणि ते खोटे नव्हते. मात्र तंबूच्या मागच्या बाजूची चेन उघडून, पडदा सारून, दोन पायऱ्या उतरून तेथे जावे लागे. रात्री अकरानंतर जनित्र बंद होत असल्याने दिवा नव्हता. आईने दुपारी सामान ठेवतानाच हे सारे पाहिले असावे. ती काहीच बोलली नाही.

संध्याकाळ सुरेख झाली. सूर्यास्त झाला, शेकोटीभोवती मांगणियार कलावंतांचे गाणे झाले, कालबेलिया नृत्य झाले. आई प्रसन्न होती. सकाळी खाटेवरून उठून उभी राहताच ती बहिणीच्या अंगावर कोसळली. नाडी जलद, जीभ कोरडी, रक्तदाब बराच खाली. तिला आडवे करून पाय उंच ठेवले, घोट घोट जलसंजीवनी पाजली आणि गाडीने शहरात आणून सलाईन लावले. दुपारपर्यंत तिला बरे वाटू लागले. मग तिने सांगितले, "अरे, परवा गाडीत बसल्यापासूनच पाणी कमी पीत होते. काल चारनंतर तर घेतलंच नाही. रात्री अंधारात तुम्हाला उठवायला नको वाटलं."

रक्तदाबासाठी तिला जी गोळी चालू होती, तिच्यात लघवी वाढवणारे औषध होते आणि ते मला ठाऊक होते. अनेक रुग्णांना मी पाण्याचे महत्त्व समजावले होते. पण मुक्काम ठरवताना तिला रात्री किती पावले चालावी लागतील, एवढे मी विचारले नव्हते. ती पडली तेव्हा बहीण शेजारी नसती, तर मांडीचे हाड मोडले असते आणि पुढची आठ वर्षे निराळी गेली असती.

वाचकहो, आपल्या घरातील ज्येष्ठ मंडळी बहुधा तक्रार करत नाहीत. शौचालय दूर असले की ती पाणी सोडतात. त्यांना तहानेची जाणीवही वयोमानाने कमी झालेली असते, त्यामुळे हा उपवास त्यांना जडही जात नाही. कोरड्या हवेत श्वासावाटे आणि त्वचेवाटे पाणी जातच राहते, घाम मात्र दिसत नाही. म्हणून मुक्कामाची माझी कसोटी आता एकच आहे : जेथे आपली आई किंवा आपले वडील निजण्यापूर्वी निर्धास्तपणे पेलाभर पाणी पितील, ती जागा योग्य.

या कसोटीवर जैसलमेर परिसरातील मुक्कामाचे चार पर्याय पाहू.

पहिला पर्याय किल्ल्यातील. रावळ जैसल याने ११५६ मध्ये वसवलेला हा किल्ला आजही नांदता आहे. आत घरे, दुकाने आणि जैन मंदिरे आहेत. तेथील गच्चीवरून दिसणारे पिवळ्या दगडाचे शहर विसरता येत नाही. परंतु त्रिकूट टेकडीवर जाणारी वाट चढाची आहे, तिच्यावर एकामागून एक चार दरवाजे लागतात आणि शतकानुशतकांच्या वावराने तिचे दगड गुळगुळीत झाले आहेत. आतील गल्ल्या अरुंद, जिने उंच पायऱ्यांचे. रात्री कोणाला छातीत दुखू लागले तर खुर्चीत बसवून खाली आणावे लागेल. शिवाय सांडपाणी मुरून किल्ल्याच्या पायाला धोका निर्माण झाला आहे आणि काही बुरूज पूर्वी ढासळलेही आहेत. किल्ला दिवसा सावकाश पाहावा, मुक्काम खाली करावा.

दुसरा पर्याय किल्ल्याच्या पायथ्याच्या शहरातील. येथे पक्की खोली, रात्रभर वीज, कमोड, गरम पाणी आणि दारापर्यंत येणारी गाडी मिळू शकते. औषधांची दुकाने जवळ आहेत, जिल्ह्याचे शासकीय रुग्णालयही शहरातच आहे. गुंतागुंतीच्या आजारासाठी मात्र जोधपूर गाठावे लागते आणि ते सुमारे २८० किलोमीटर दूर आहे. समच्या तंबूतून निघाल्यास त्यात आणखी ४० किलोमीटरांची भर पडते, हे ध्यानात ठेवावे. जुन्या हवेल्यांमधील निवास देखणे असतात. तेथे तळमजल्यावरील खोली मागावी आणि उंबरठा किती उंच आहे ते विचारावे.

तिसरा पर्याय समच्या तंबूंचा. तंबू अनेक प्रकारचे आहेत. काहींना पक्की फरशी, आत शौचालय आणि रात्रभर वीज असते. काही केवळ कापडाचे असतात. हंगामात तेथे ध्वनिवर्धक उशिरापर्यंत चालतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला अनोळखी जागा, अंधार आणि गोंगाट एकत्र आले की संध्याकाळनंतर बेचैनी वाढते; रात्री तो बाहेर चालू लागला तर वाळूत खुणेचे काही सापडत नाही. अशा रुग्णाला तंबूत नेऊ नये.

चौथा पर्याय खुरीचा. जैसलमेरच्या नैऋत्येला सुमारे ५० किलोमीटरवरील या गावात मातीने सारवलेल्या, गवताने शाकारलेल्या झोपड्यांत राहता येते. गर्दी कमी, शांतता अधिक. मातीची भिंत कापडापेक्षा ऊब चांगली धरते. मात्र शौचालय अंगणापलीकडे असण्याची शक्यता असते आणि गाव शहरापासून तितकेच दूर आहे. स्वतः चालणाऱ्या, रात्री क्वचितच उठणाऱ्या निरोगी ज्येष्ठांना येथे समाधान लाभेल.

दवाखान्यात मी बहुतेकांना दुसरा पर्याय सुचवतो. शहरात दोन किंवा तीन रात्री राहावे, एके दिवशी दुपारी तीनच्या सुमारास समला निघावे, सूर्यास्त पाहावा, थोडे गाणे ऐकावे आणि रात्रीच्या जेवणापर्यंत खोलीवर परतावे. रस्ता चांगला आहे. तास-सव्वातासात शहर येते. "मग वाळवंटात राहिल्यासारखं कसं वाटणार?" असे तरुण मंडळी विचारतात. ज्यांना राहायचे आहे त्यांनी जरूर राहावे. कुटुंब दोन ठिकाणी विभागले तर बिघडत नाही. मात्र ज्येष्ठांसोबत एक जबाबदार व्यक्ती शहरात परतली पाहिजे आणि तो त्याग आहे असे त्यांना जाणवू देऊ नये.

तरीही तंबूतच राहायचे ठरले, तर आरक्षणापूर्वी दूरध्वनी करून पुढील गोष्टी विचाराव्यात. खाटेपासून शौचालयापर्यंत किती पावले आणि वाटेत पायरी आहे का? वीज रात्रभर असते की ठरावीक वेळी बंद होते? रात्री ऑक्सिजनचे किंवा श्वसनाचे यंत्र लागणाऱ्यांसाठी हा प्रश्न निर्णायक आहे. खाट गुडघ्याइतकी उंच आहे ना? गाडी तंबूच्या दाराशी येते का आणि चालक रात्री तेथेच थांबतो का? उत्तर गुळमुळीत आले तर ती जागा सोडावी.

रात्रीची तयारी साधी आहे. खाटेजवळ विजेरी, काठी, न घसरणारी चप्पल आणि लघवीचे भांडे ठेवावे. भांडे ठेवताना संकोच वाटला तर तो आपण आधी सोडावा, म्हणजे त्यांचाही सुटतो. उठताना आधी काठावर बसावे, दोन मिनिटांनी उभे राहावे. ऊब कपड्यांच्या थरांनी, कानटोपीने, मोज्यांनी आणि रजईने राखावी. कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचे घमेले तंबूत कधीही घेऊ नये, मग थंडी कितीही असो. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस जागा होत नाही.

पाण्याचा मोठा वाटा सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत पोटात जाईल असे पाहावे आणि रात्री थोडे थोडे द्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर ती पाळावी. लघवी वाढवणारी गोळी फिरण्याच्या गडबडीत संध्याकाळवर ढकलू नये. वेळ बदलायची असल्यास निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन उन्हातल्या गाडीत ठेवू नये. दम्याच्या रुग्णाने फवारा खिशात बाळगावा आणि वारा सुटला की नाकातोंडावर ओला रुमाल धरावा.

उंटाविषयीही दोन शब्द. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो आणि बसताना आधी पुढचे पाय दुमडतो; दोन्ही वेळा स्वार जोराने पुढे फेकला जातो. ठिसूळ झालेला मणका या हिसक्याने दबू शकतो. टेकड्यांवरून उसळत जाणाऱ्या जीपगाडीचेही तसेच. उंटगाडी सावकाश चालते, ती अधिक बरी.

काळ निवडता आला तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी घ्यावा. दिवस सुखद असतात आणि रात्रीचा कडाका जानेवारीपेक्षा कमी.

त्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी आईनेच विषय काढला. तिला पुन्हा जायचे होते. या वेळी फेब्रुवारीत गेलो आणि किल्ल्याखाली तळमजल्यावरची खोली घेतली. शौचालय खाटेपासून सहा पावलांवर होते. ती पावले तिने पोहोचताच स्वतः मोजली. समला टेकडीच्या पायथ्याशी प्लास्टिकची खुर्ची मांडून ती सूर्यास्त पाहत बसली. चप्पल काढून पाय वाळूत खुपसले होते. सूर्य गेल्यावर तिने पाण्याची बाटली मागितली आणि अर्धी संपवली. परतताना गाडीत तिला झोप लागली. आम्ही जेवणाच्या वेळेपर्यंत खोलीवर आलो.