एक हार माफ!

ऑफिसला दांडी मारायची तर कारण कसं सॉलिड हवं. मी दाताचं दिलं. २२ जून २०२३, गुरुवार, दुपारचे तीन. 'डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे,' असं चेहरा पाडून क्लायंटच्या मॅनेजरला सांगितलं आणि सटकले. साडेचारला स्टेडियमच्या गेटबाहेर रांगेत उभी होते, तर पुढे आठ-दहा माणसं सोडून जांभळा टी-शर्ट घातलेलं एक ओळखीचं टक्कल दिसलं. तोच मॅनेजर! त्याने मला पाहिलं, मी त्याला. दोन सेकंद शांतता. मग तो म्हणाला, "जूनमध्ये ओमाहात सगळ्यांचेच दात दुखतात."

ओमाहा म्हणजे कुठे, असं तुम्ही विचारणार हे माहीत आहे. मला ऑनसाइटची ऑर्डर मिळाली तेव्हा मीही गुगलच केलं होतं. अमेरिकेच्या बरोब्बर पोटात, नेब्रास्का राज्यात, मिसुरी नदीच्या काठावर वसलेलं शहर. समुद्र नाही, डोंगर नाही. शहराबाहेर पडलं की मका, मका आणि मका. वॉरन बफे इथले, एवढीच काय ती जगाला ओळख. पुण्यातल्या मित्रांनी तर 'न्यूयॉर्क नाही मिळालं?' म्हणून सांत्वनच केलं होतं.

पण जून उजाडतो आणि या शांत शहराच्या अंगात येतं. हॉटेलांचे दर दुप्पट-तिप्पट होतात, रस्त्यांवर जांभळे, केशरी, निळे झेंडे फडकायला लागतात. कारण कॉलेज वर्ल्ड सिरीज! अमेरिकेतल्या कॉलेजांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा. नावात 'वर्ल्ड' असलं तरी हे जग अमेरिकेच्या सीमेपाशीच संपतं, ते सोडा.

माझं सिक्रेट

आता एक कबुली. ऑफिसात मला सगळे 'एक्सेल शीटवाली' म्हणून ओळखतात, पण मी मूळची जळगावची आणि सॉफ्टबॉलवाली. आपल्याकडे शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल किती जोरात चालतो ते खान्देश-विदर्भातल्या मुलींना विचारा. बेसबॉलचं हे सख्खं भावंड. चेंडू मोठा, मैदान लहान आणि पिचर खालून हात फिरवून चेंडू टाकते. मी शॉर्टस्टॉप. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती अवघड फट सांभाळणारी. विद्यापीठाच्या टीममध्ये होते.

फायनल इयरला आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि कॅम्पस इंटरव्ह्यू एकाच आठवड्यात आले. घरच्यांनी जबरदस्ती केली नाही. हिशोब मीच केला. इंटरव्ह्यूला गेले, नोकरी लागली. तिकडे टीम सेमीफायनलला एका रनने हरली. शेवटचा चेंडू शॉर्टस्टॉपच्या बाजूने निघून गेला, हे मला कितीतरी महिन्यांनी आणि फार खोदून विचारल्यावर कळलं. आमची कॅप्टन मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आमची मॅच बघायला होतं कोण? दोन शिपाई, एका मुलीचे बाबा आणि एक कुत्रा. आणि इथे? चोवीस हजारांचं स्टेडियम कॉलेजच्या पोरांसाठी फुल्ल! पहिल्या दिवशी मी ते बघून नुसती उभीच राहिले.

आठ टीम, दोन जीव

ही स्पर्धा १९४७मध्ये मिशिगनमधल्या कॅलमझू गावात सुरू झाली. पहिल्या दोन्ही वर्षी येल विद्यापीठाची टीम फायनलला पोचली आणि दोन्ही वेळा हरली. त्यांच्या पहिल्या बेसवर उभा असायचा तो मुलगा म्हणजे जॉर्ज बुश. हो, थोरले बुश! पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, पण ही ट्रॉफी काही हाती लागली नाही. १९५०मध्ये स्पर्धा ओमाहात आली आणि इथलीच झाली. कोरोनामुळे २०२० साली रद्द झाली, तेवढाच खंड.

फॉरमॅट भन्नाट आहे. पहिल्या श्रेणीत सुमारे तीनशे कॉलेजं. त्यातली ६४ निवडतात, चार-चारचे सोळा गट होतात. सोळा विजेते जोडीजोडीने भिडतात आणि उरलेल्या आठ टीम ओमाहात येतात. इथे चार-चारचे दोन गट. नियम असा की एकदा हरलात तर बाहेर नाही. दोनदा हरलात तरच बॅग भरायची. शेवटी दोन्ही गटांच्या विजेत्यांत बेस्ट ऑफ थ्रीची फायनल.

म्हणजे काय, तर एक हार माफ! आपल्या नॉकआउटवर वाढलेल्या जिवाला हे पचायला वेळ लागतो. मला तर पहिल्यांदा हेवाच वाटला.

दात दुखत नसतील तेव्हा

मॅच नसेल तेव्हा ओमाहात काय करायचं? ओल्ड मार्केटमध्ये भटकायचं. जुन्या गोदामांमध्ये थाटलेली रेस्टॉरंट्स, विटांचे रस्ते, पुस्तकांची दुकानं. नदीवर फक्त चालणाऱ्यांसाठी बांधलेला बॉब केरी पूल आहे. त्याच्या मधोमध उभं राहून एक पाय नेब्रास्कात आणि एक आयोवात ठेवून फोटो काढायचा, हा इथला 'गेटवे ऑफ इंडिया'छाप विधी. खायला रुंझा. पावात बीफचा खिमा, कोबी आणि कांदा भरून भाजतात. बीफ चालत नसेल तर तुमच्यासाठी कणीस आहेच.

हेन्री डोअर्ली प्राणिसंग्रहालय नक्की बघा, आणि तिथली पार्किंगची जागाही बघा. हसू नका. २०१०पर्यंत जिथे ही स्पर्धा व्हायची ते रोझेनब्लाट स्टेडियम इथेच होतं. २०१२मध्ये ते पाडलं. पण एक छोटंसं इनफिल्ड आठवण म्हणून ठेवलंय. मी गेले तेव्हा एक आजोबा नातवाला पहिल्या बेसकडे पळवत होते आणि स्वतः अंपायर झाले होते. नातू धापा टाकत पोचला आणि आजोबांनी चक्क आउट दिलं!

नवं स्टेडियम डाउनटाउनमध्ये, २०११पासूनचं. आता त्याचं नाव चार्ल्स श्वाब फील्ड. बाहेर जल्लोष करणाऱ्या खेळाडूंचा ब्राँझचा पुतळा आहे, 'रोड टू ओमाहा'. प्रत्येक टीम त्याच्यासमोर फोटो काढते. आणि खरी मजा पार्किंगमध्ये. लुइझियानाहून पंधरा-सोळा तास गाडी हाकत आलेली मंडळी भलीमोठी पातेली चढवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खाऊ घालतात. मला एका काकूंनी जांबालाया दिला. आपल्या मसालेभाताचा मांसाहारी चुलतभाऊ म्हणा. 'घे गं अजून' हे वाक्य तिने इंग्रजीत म्हटलं, एवढाच फरक.

समोरच्या रॉकोज नावाच्या बारमध्ये आणखी एक स्पर्धा चालते. कुठल्या कॉलेजचे पाठीराखे दारू घातलेल्या जेलीचे किती शॉट घेतात, त्याचा फळ्यावर हिशोब. २०२३मध्ये लुइझियाना स्टेटच्या, म्हणजे एलएसयूच्या मंडळींनी ६८,८८८ शॉट रिचवले. त्यांचा जांभळा रंग पुढे आठवडाभर माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

ओमाहाकरांची स्वतःची टीम यात सहसा नसते. इथलं क्रेटन विद्यापीठ एकदाच, १९९१ साली, इथवर पोचलं. मग हे लोक काय करतात? दरवर्षी कुणाला तरी दत्तक घेतात. माझ्या मॅनेजरने एलएसयूला घेतलं होतं. मी वेक फॉरेस्टला. का? लहान विद्यापीठ, त्या वर्षीचं पहिलं मानांकन आणि शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद १९५५चं! अडुसष्ट वर्षं वाट बघणाऱ्यांच्या बाजूने उभं राहायचं नाही तर कुणाच्या?

शून्य-शून्य

तर गुरुवार. सोमवारी वेक फॉरेस्टने एलएसयूला ३-२ हरवलं होतं. मंगळवारी एलएसयूने टेनेसीला घरी पाठवलं आणि बुधवारी वेकला ५-२ने उट्टं काढलं. आता दोघांच्या खात्यात एकेक हार. माफी संपली. जो हरेल तो घरी, जो जिंकेल तो फायनलला.

माझं तिकीट आउटफिल्डच्या बाकांचं. तिथे सीट नंबर नसतो. आधी येईल त्याची जागा, म्हणून ती रांग. ऊन असं की जळगावची आठवण यावी. मॅनेजर शेजारीच येऊन बसला. डोक्यावरून बीचबॉल उडत होते. कॉलेजात धातूची बॅट चालते, त्यामुळे फटक्याचा आवाज 'टक्' नाही, 'टिंग्' येतो. तो आवाज ऐकला आणि माझा डावा हात आपोआप उघडला. ग्लोव्ह नव्हता, तरी.

एलएसयूकडून पिचर पॉल स्कीन्स. आधी एअर फोर्स अकॅडमीत शिकणारा हा धिप्पाड मुलगा ताशी १६० किलोमीटरने चेंडू फेकत होता. त्या सीझनमध्ये त्याने २०९ जणांना स्ट्राइक-आउट केलं. वेककडून ऱ्हेट लाउडर. त्याची स्टाइल वेगळी. दमदाटी नाही, फसवाफसवी. लाउडरने सात इनिंग्ज शून्यावर काढल्या, स्कीन्सने आठ. बोर्डवर नुसती शून्यं. क्रिकेटमध्ये सहाव्या षटकात कुणी सिक्स मारली नाही तर चुळबुळ करणारी मी, तीन तास शून्य-शून्य बघत होते आणि पापणी लवत नव्हती.

आठव्या इनिंगमध्ये वेकचा रनर तिसऱ्या बेसवर. बॅटरने चेंडू हळूच खाली टाकला, बंट. रनर होमकडे सुटला. मी उभी राहिले, आता होणार! पण एलएसयूचा पहिल्या बेसवाला ट्रे मॉर्गन वाऱ्यासारखा पुढे आला आणि त्याने चेंडू उचलून तसाच कॅचरकडे भिरकावला. आउट! मॅनेजर नाचत होता. मी डोकं धरून खाली बसले. पण मनातून टाळ्या वाजवल्या. तो चेंडू अडवायला कुणीतरी जागेवर होतं.

नऊ इनिंग्ज संपल्या. दहा संपल्या. अकराव्यात एलएसयूचा एक रनर बेसवर. वेकने नवा पिचर आणला. समोर टॉमी व्हाइट. याला प्रेमाने 'टॉमी टँक्स' म्हणतात, त्यावरून काय ते समजा. पहिलाच चेंडू. टिंग्! चेंडू कुंपणापलीकडे. २-०. संपलं.

जांभळा समुद्र मैदानाच्या दिशेने उसळला. मी मात्र दुसऱ्या डगआउटकडे बघत होते. वेकची मुलं कठड्याला धरून उभी होती. कुणी हलेना. त्यातल्या दोघा-चौघांना प्रोफेशनल टीम उचलणार होत्या. पुढच्याच महिन्यातल्या ड्राफ्टमध्ये स्कीन्स पहिला निवडला गेला, लाउडर सातवा. पण बाकीच्यांचं काय? त्यातल्या किती जणांचा हा शेवटचा चेंडू होता? सोमवारपासून तेही कुठेतरी नोकरी शोधणार, एक्सेल शीट भरणार. एकजण वाकला आणि चिमूटभर माती त्याने खिशात टाकली.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याहून जास्त काय वाटलं सांगू? ते सगळे तिथे होते. हरले, पण तिथे होते.

कॅप्टनला फोन

स्टेडियमबाहेर येऊन मी फोन लावला. ओमाहात रात्र, जळगावात सकाळ. आमची कॅप्टन आता एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. मागून मुलींचा कालवा ऐकू येत होता. मी धडाधडा मॅच सांगितली. शून्य-शून्य, बंट, टॉमी टँक्स, सगळं.

"आणि त्या हरलेल्यांचा शॉर्टस्टॉप?" तिने मध्येच विचारलं. "होता ना जागेवर?"

मी गप्प. बारा वर्षांत पहिल्यांदा ती या विषयावर बोलली होती.

"होता," मी म्हणाले.

"मग झालं तर." आणि ती हसायला लागली. मग मीही. मग रस्त्यातच उभी राहून थोडी रडलेही. जांभळ्या गर्दीत कुणाचं लक्ष नव्हतं. "रडू नको, बावळट. बॅलन्स जाईल माझा," ती म्हणाली. "डिसेंबरात येतेयस ना? येताना ग्लोव्ह आण. इथे धड मिळत नाहीत. दहा माझ्या पोरींना. आणि एक तुला."

एलएसयूने पुढे फ्लोरिडाला हरवून ट्रॉफी जिंकली. मधल्या मॅचमध्ये २४-४ असा सपाटून मार खाल्ला आणि शेवटची १८-४ अशी काढली. एक हार माफ, म्हटलं ना!

शुक्रवारी सकाळी मॅनेजर माझ्या डेस्कपाशी आला. डोळे तांबारलेले, आवाज बसलेला. सगळ्यांसमोर गंभीरपणे विचारलं, "दात कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हणाले. "बारा वर्षं दुखत होता."