चढणीची वाट

२२ एप्रिल २०२३, आखाजी
माहेरी आले. लिंबाला झोके, घरोघर आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या. ऊन उतरल्यावर मासे धरणाऱ्या नानांसोबत तापीवर. डोहात पाणी आहे, बाकी पात्र उघडं. वाळूच्या ट्रॅक्टरांच्या चाकोऱ्या थेट मध्यापर्यंत गेल्यात. महासीर अंडी घालतो ती वाहत्या, स्वच्छ पाण्यातल्या गोट्यांवर. ते गोटे आता कुठल्या तरी बंगल्याच्या पायात असतील. नानांनी इथं शेवटचा महासीर पाहिला तेव्हा मी शाळेत होते.

१३ मे
धुळ्यात. जिन्याच्या कठड्याला हात लावला तर चटका बसतो. जळगावच्या मैत्रिणीचा फोन, केळीची पानं करपली म्हणाली. माझं लक्ष डोहाकडे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मरळ वर येऊन हवा घेईल. बाकीच्यांनी काय करायचं?

२५ मे
रोहिणी लागली. कोरडी.
वर्गात सांगितलं तेच इथं लिहून ठेवते. वाढती उष्णता आणि लांबत गेलेला दिवस गाभोळी पिकवतात. पिकलेली अंडी बाहेर पडायला मात्र पूर लागतो. नदी चढली, पाणी गढूळलं, काठ बुडाला, की मादी मोकळी होते. उन्हाळा पिकवण्याचं काम लवकर उरकतोय. पाऊस त्याची तारीख पाळत नाही. नदीतल्या माशाची सगळी अडचण या दोहोंच्या मधल्या दिवसांत आहे.

८ जून
मृग. मान्सून आज केरळात पोचला. अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ.
गावी. नानांच्या जाळ्यात रोहूची जोडी आली. नानांनी नराच्या छातीच्या परावरून माझं बोट फिरवलं. खरखरीत, पॉलिश पेपर लागावा तसं. मादीचा पर गुळगुळीत. पोट फुगलेलं, हाताला मऊ, खालचं द्वार गुलाबी झालेलं. तयार आहे. नानांनी दोन्ही परत सोडले. शेजारचा तरुण बघत राहिला, काही बोलला नाही.

१६ जून
वादळ काल रात्री कच्छवर आदळलं. आपल्याकडे नुसता वारा आणि धूळ.

२५ जून
मान्सून एकाच दिवशी मुंबईत आणि दिल्लीत. १९६१ नंतर पहिल्यांदा असं झालं. टीव्हीवर छत्र्याच छत्र्या. नानांचा फोन: "काय सांगू माय, नदीमा पानीच नही शे."

४ जुलै
पाणी आलं! रात्री नाल्याला लोंढा आला, नदी हातभर चढली. मासे चढणीला लागले, प्रवाहाविरुद्ध वर निघाले.
आणि माणसंही. पुलाखाली बॅटऱ्या, काठ्या, मच्छरदाण्या. अंड्यांनी भरलेल्या माद्या पोत्यात. एका मादीच्या पोटात लाखावर अंडी असतात, हे ओरडून सांगितलं. एकानं ऐकलं, आपली मच्छरदाणी गुंडाळली. बाकीच्यांच्या घरी महिनाभर कामधंदा नव्हता, हेही मला माहीत आहे. तरी राग जात नाही.

६ जुलै
पाणी उतरलं. एवढीच चढण?

१० जुलै
मत्स्य शेतकरी दिन. १९५७ साली याच तारखेला ओडिशात अंगुल इथं हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख कार्प माशांकडून पहिल्यांदा तळ्यात अंडी घालून घेतली. तोवर बीज मुख्यतः नदीतून गोळा करायचे. मोठं काम. आज देशभर तळी भरतात ती त्याच वाटेनं.
मच्छीमार सोसायटीच्या तलावासाठी बीजाची गाडी आली. प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, आत मत्स्यजिरे. पिशवी उन्हाकडे धरली की नुसते डोळे हलताना दिसतात. बंगालमधल्या हॅचऱ्यांत हल्ली मार्चमध्येच प्रजनन सुरू होतं, उष्मा वाढलाय म्हणून. हॅचरीला ते परवडतं. तिथं पाण्याची धार नळातून येते. नदीतल्या मादीला कोण धार देणार?
रोहू, कटला मुळात तापीचे नाहीतच, माणसानं आणून सोडलेले. शिवडा, शिंगाळा, महासीर इथले. त्यांच्या पिशव्या कुठल्या गाडीत दिसत नाहीत.

२३ जुलै
बऱ्या सरी. बुडालेल्या गवतात बारीक पिल्लं. कार्पची अंडी पंधरा-अठरा तासांत फुटतात, पण पिल्लांना पुढचे कित्येक दिवस हेच उथळ, कोमट, किड्यांनी भरलेलं पाणी लागतं. पलीकडच्या डबक्यात मरळीच्या लालसर पिल्लांचा थवा, खाली मायबाप राखण करताहेत. खूप वेळ बसले.

५ ऑगस्ट
पाऊस नाही.

१२ ऑगस्ट
नाही. कपाशी माना टाकतेय.

२० ऑगस्ट
गवतातलं पाणी नदीपासून तुटलं. डबकी झाली. बगळ्यांची चंगळ. भाच्यानं आणि त्याच्या दोस्तांनी ओढणीत पिल्लं धरून घमेल्यानं डोहात नेली. दुपारभर चाललं होतं. किती जगतील ठाऊक नाही, पण पोरांना कुणी सांगितलं नव्हतं.

३१ ऑगस्ट
१९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट. आणि २०२१ मध्ये याच दिवशी चाळीसगावात तितूर नदी घराघरांत शिरली होती.

१४ सप्टेंबर, पोळा
बैल रंगवून झाले आणि आभाळ आलं.

१७ सप्टेंबर
पूर. वर हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, तापी लालभडक. गाव काठावर उभं. सगळे खूश. मीही, विहिरींसाठी.
संध्याकाळी कडेला लावलेल्या जाळ्यात एक रोहूची मादी मेली. नानांनी पोट उघडलं. जूनमध्ये बाजरीच्या दाण्याएवढी, सुटी, टपोरी अंडी असतात तिथं पिवळट, लिबलिबीत काही तरी. बोटानं दाबलं की विरतं. पूर वेळेत आला नाही तर मादी आपलीच अंडी शोषून घेते, पुस्तकात आहे. नाना म्हणाले, "आंडा पोटमाच जिरी गयात." बराच वेळ सुरी हातात धरून बसले.

२ ऑक्टोबर
कागदावर पावसाची तूट भरून निघतेय. माशाला सरासरी मिळत नाही. त्याला जुलैतल्या त्या दोन-चार रात्री मिळाव्या लागतात.

३१ ऑक्टोबर
राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर. आपल्याकडचे चाळीसगाव, शिंदखेडा, नंदुरबार. पिकांची पाहणी झाली, बरं झालं. नदीतली पाहणी कोण करतं? भोयांच्या घरी यंदा बाजाराला न्यायला काय आहे, ते कुठल्या रकान्यात येतं?

३ नोव्हेंबर
अर्ज लिहिला. पहिल्या चढणीला नदीवरच्या बॅरेजचे दोन दरवाजे तरी दोन रात्री उघडे ठेवा, वरखाली जायला वाट राहील. जुलैत धरणातून ठरवून एक लोंढा सोडा, प्यायच्या पाण्याला धक्का न लावता. गोट्यांचे जे तुकडे उरलेत तिथून वाळू उचलू देऊ नका. बीज सोडताना इथल्या जातींचंही सोडा.
नानांना वाचून दाखवला. त्यांनी एक ओळ घालायला लावली: चढणीच्या दिवसांत पुलाखाली मासा मारेल त्याला सोसायटीनंच दंड करावा, आणि त्या दिवसांची मजुरी सरकारनं भोयांना द्यावी. दोन्ही एकाच ओळीत हवं म्हणाले, तोडू नको.
रविवारी सह्या गोळा करायला घरोघर जायचं. पुलाखालच्या त्या पोरांकडे आधी.