वळसंगच्या माळावरून मंगळाकडे

दोस्तांनो, सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं, की वाटेत वळसंग येतं. तालुका दक्षिण सोलापूर. गावाबाहेरच्या माळावर उभे राहा आणि पायाखाली बघा. काळा कातळ, मुरूम, शेतात काळी माती. हा सगळा मूळचा लाव्हा! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थंड होऊन त्याचा बेसॉल्ट झाला. आणि गंमत म्हणजे मंगळाची जमीनही बहुतेक ठिकाणी बेसॉल्टचीच आहे. तेव्हा दगडापुरतं बोलायचं, तर वळसंगकराला मंगळ फारसा परका वाटू नये.

मग तो लाल का? त्या दगडात लोखंड असतं. पावसात विसरलेल्या विळ्यावर तांबडा गंज चढतो ना, तसाच प्रकार. मंगळावरची धूळ म्हणजे गंजलेल्या लोखंडाचं बारीक पीठच. ती हवेत तरंगते, म्हणून तिथलं आकाश दिवसा पिवळसर-तांबूस दिसतं. आणि सूर्य मावळताना त्याच्याभोवती चक्क निळसर उजेड पसरतो. आपल्या अगदी उलट!

जमीन ओळखीची निघाली. हवेचं मात्र तसं नाही. तिथल्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. तीही इतकी विरळ, की तिचा दाब आपल्याकडच्या दाबाच्या एक टक्काही भरत नाही. आता समजा, वळसंगच्या विहिरीतून बादलीभर पाणी काढलं आणि ते मंगळावर उघड्यावर ठेवलं. काय होईल? थोडं पाणी भसाभस उकळून उडून जाईल आणि उरलेल्याचा बर्फ होईल. उकळणं आणि गोठणं एकदमच! दाब कमी असला, की पाणी थंड असतानाही उकळतं, हे त्याचं कारण.

हवेचं पांघरूण असं झिरझिरीत, त्यामुळे ऊब टिकत नाही. विषुववृत्तावर उन्हाळ्याच्या दुपारी पारा २० अंशांपर्यंत चढतो, म्हणजे आपल्या सोलापुरी मे महिन्यापेक्षा बराच बरा! पण त्याच जागी रात्री तो शून्याखाली ७० अंशांच्याही खाली उतरतो. दिवस मात्र आपल्याएवढाच, फक्त चाळीसेक मिनिटांनी मोठा. वर्ष ६८७ दिवसांचं. आणि ज्वारीचं १०० किलोचं पोतं तिथे ३८ किलोइतकंच जड लागेल. हमालांची चैनच!

एकेकाळी मंगळावर नद्या वाहत होत्या, सरोवरं होती. ‘पर्सिव्हिअरन्स’ ही गाडी २०२१ साली जिथे उतरली, ते जेझेरो विवर असंच एक आटलेलं सरोवर आहे. मग पाणी गेलं कुठे? मंगळ लहान. त्याचं पोट लवकर निवलं आणि चुंबकीय क्षेत्राची ढाल गेली. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतानं हवा हळूहळू ओरबाडून नेली. हवा गेल्यावर उघडं पाणी टिकणार कसं? काही उडून गेलं, काही जमिनीत बर्फ होऊन राहिलं. ही गळती आजही चालू आहे. ती मोजायला अमेरिकेचं ‘मेव्हन’ यान २०१४ च्या सप्टेंबरात मंगळाभोवती पोचलं आणि दोनच दिवसांनी, २४ तारखेला, आपलं मंगळयान! पहिल्याच प्रयत्नात पोचलेलं हे यान २०२२ पर्यंत संपर्कात होतं.

नावांचीही एक मजा आहे. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या लाखाच्या आत वस्ती असलेल्या गावांची नावं देतात. त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारही आहे! बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं लोणारचं विवर मंगळावरच्या विवरांशी इतकं जुळतं, की शास्त्रज्ञ ते मुद्दाम अभ्यासतात. वळसंगही लाखाच्या अटीत सहज बसतं, बरं का! पण नुसत्या हौसेनं नाव मिळत नाही. अभ्यास करणाऱ्याला त्या विवराच्या नावाची गरज पडावी लागते. तो अभ्यास करणारा तुमच्यापैकीच कुणी असला तर?

साधारण दर २६ महिन्यांनी मंगळ आपल्या जवळ येतो. १९ फेब्रुवारी २०२७ च्या सुमारास तो रात्रभर दिसेल. अंधार पडल्यावर आई-बाबांना घेऊन गच्चीवर जा आणि पूर्वेला पाहा. मघा नक्षत्राच्या ठळक ताऱ्याजवळ न लुकलुकणारा एक तांबूस ठिपका दिसेल, तोच मंगळ.