मुल्की आणि गैरमुल्की

२०२३ सालच्या चैत्रांत, गुढी उतरवून दोन दिवस झाले नाहींत तोंच, मेलबर्नहून आमच्या थोरल्या मुलाचा फोन आला. “बाबा, पत्र आलें. मी आतां येथला कायम रहिवासी झालों!” बातमी एकाच वेळीं साऱ्या घरानें ऐकली. धाकट्या भावजयीनें देवापुढें साखर ठेवली, पुतण्यांनीं पेढ्यांची भाषा सुरू केली, आणि बंधु म्हणाले, “पोरानें नांव काढलें.” मुलाची आई मात्र न बोलतां स्वयंपाकघरांत निघून गेली. थोड्या वेळानें मीं आंत डोकावलें, तों ती निवडलेलेच तांदूळ पुन्हां निवडीत बसली होती. “कायम म्हणजे कायमच ना हो?” एवढेंच तिनें विचारलें.

मला उत्तर सुचलें नाहीं. आम्ही जालन्याचे लोक. जांबेचे समर्थ आमच्याच जिल्ह्यांतले. ‘सावधान’ हा शब्द ऐकून बोहल्यावरून निघून गेलेले समर्थ चोवीस वर्षांनीं आईला भेटावयास आले, तेव्हां त्या माउलीची दृष्टि गेलेली होती, ही कथा आमच्याकडे घरोघरीं सांगतात. त्या दिवशीं ती कथा मला एकाएकीं फार जवळची वाटली.

ज्यांचीं मुलें परदेशीं नाहींत त्यांच्यासाठीं हा सारा प्रकार थोडक्यांत सांगतों. आमचा मुलगा २०१८ सालीं स्थापत्यशास्त्राच्या पुढील पदवीसाठीं तिकडे गेला, तो विद्यार्थ्याच्या व्हिशावर. पदवी झाल्यावर त्याला नोकरी करण्यास दोन वर्षांचा तात्पुरता व्हिसा मिळाला. तो संपला कीं परत यावें, नाहीं तर आपलें कसब त्या देशाला हवें आहे हें गुणांनीं सिद्ध करावें. प्रथम ‘इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया’ ही संस्था पदवी तपासते. मग गुणांची बेरीज सुरू होते. त्या वेळच्या नियमांप्रमाणें वय पंचवीस ते बत्तीस असल्यास ३० गुण, उत्तम इंग्रजीचे २०, पदवीचे १५, तेथें शिकल्याचे ५ आणि अविवाहित असल्याचे १०. किमान ६५ गुण हवेत. परंतु ज्याचे अधिक त्याला निमंत्रण आधीं, असा शिरस्ता असल्यानें मुलें एकेका गुणासाठीं झुरतात. आमच्या मुलाची बेरीज ८० झाली. त्या सुमारास आम्हीं लग्नाचा विषय काढला, तर तो हंसून म्हणाला, “बाबा, त्यानें गुण कमी होतील!”

आणखी पांच गुण त्याला कोठून मिळाले असतील? मराठींतून! दुभाष्यांच्या परीक्षा घेणारी ‘नाटी’ नांवाची तेथें एक संस्था आहे. एक इंग्रजी बोलणारा अधिकारी आणि एक मराठी बोलणारा गृहस्थ यांचे दोन संवाद ती ऐकविते. एकाचें बोलणें दुसऱ्याच्या भाषेंत तेथल्या तेथें तोंडी सांगावयाचें. प्रत्येक संवादास ४५ गुण. दोन्हींत किमान २९ आणि एकूण ९० पैकीं ६३ मिळाले तर उत्तीर्ण.

आमचा मुलगा इंग्रजी शाळेंत शिकलेला. घरीं मराठी बोले. पण कोर्टकचेरीचे आणि दवाखान्याचे मराठी शब्द त्याच्या जिभेवर नव्हते. २०२१ सालीं तिकडे टाळेबंदी, इकडेही टाळेबंदी. अशा दिवसांत रोज दुपारीं फोनवर आमची शिकवणी चाले. मीं शब्द टाकावा आणि त्यानें झेलावा: जामीन, गहाण, वारस, थकबाकी, सुनावणी. त्याची आजी, म्हणजे माझी आई, शेजारीं पलंगावर पडून ऐके आणि पुष्कळदां माझ्याआधींच अर्थ सांगून टाकी. ‘पोटगी’ म्हणजे काय, हें तिनेंच त्याला दोन गोष्टी सांगून समजावून दिलें. तो उत्तीर्ण झाला तेव्हां ती म्हणाली, “अरे, मीं शिकविलेल्या भाषेनेंच माझा नातू नेला कीं रे!” ती हंसत म्हणाली, मला मात्र हंसूं आलें नाहीं.

त्याच पावसाळ्यांत ती गेली. मुलगा येऊं शकला नाहीं. मार्च २०२० पासून ऑस्ट्रेलियानें आपल्या सीमा बंद केल्या होत्या. तात्पुरत्या व्हिशावरचा मनुष्य एकदां बाहेर पडला कीं खास परवानगीवांचून त्याला पुन्हां आंत घेत नसत. दहाव्या दिवशीं मुलानें फोनच्या चौकटींतूनच हात जोडले. डिसेंबर २०२१ मध्यें दार उघडलें. पुढल्या वर्षीं वर्षश्राद्धाला तो आला, पण आठच दिवस. आणि तेही सारे, व्हिसा संपावयास किती महिने उरले हें मोजण्यांत गेले.

‘कायम’ या शब्दाचें आमच्या घरांतील शल्य हें असें होतें. तें थोडें निघालें तें एका जुन्या कागदानें.

पत्र आल्यानंतर महिन्याभरानें, घराच्या कांहीं कामासाठीं आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. तींत एक पिवळा पडलेला उर्दू कागद निघाला. माझ्या वडिलांना उर्दू येत असे. मला येत नाहीं. आमच्या भागांत एक सेवानिवृत्त उर्दू शिक्षक राहतात, त्यांच्याकडे नेला. त्यांनीं चष्मा पुसून तो शांतपणें वाचला आणि म्हणाले, “सर, हा आपल्या आजोबांच्या मुल्कीचा कागद आहे.”

आजोबा मूळचे शेवगांव तालुक्यांतले. तो इंग्रजी मुलूख; गोदावरी ओलांडून पैठणास उतरलें कीं निजामाचें राज्य लागे. १९२१ सालीं ते जालन्यास एका कापसाच्या पेढीवर मुनीम म्हणून आले. निजामाच्या राज्यांत १९१९ सालच्या नियमांप्रमाणें सरकारी नोकरी मुल्की माणसासाठीं, म्हणजे राज्यांतल्या माणसासाठीं, राखलेली. बाहेरून आलेला तो गैरमुल्की. त्याला मुल्की व्हावयाचें असेल तर पंधरा वर्षांचें कायम वास्तव्य हवें, आणि शिवाय आपल्या पूर्वीच्या गांवीं परतण्याचा विचार आपण सोडून दिला आहे, असें प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटपुढें करावयास हवें. आजोबांनीं तें १९३७ सालीं केलें आणि कचेरींत कारकुनी मिळविली.

परतण्याचा विचार सोडला आहे! शिक्षकांनीं तें वाक्य दोनदां वाचून दाखविलें. आणि मला आठवलें, कीं हेच आजोबा दर नवरात्रांत कुलाचारासाठीं नदी ओलांडून गांवीं जात. लहानपणीं त्यांचें बोट धरून मीही गेलों आहें. प्रतिज्ञापत्रानें त्यांचा पत्ता बदलला होता, वाट बदलली नव्हती. पुढें तर नवलच घडलें. ज्या राजवटीपुढें त्यांनीं कायम वास्तव्याची शपथ घेतली, ती राजवटच अकरा वर्षांनीं, १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपली. नदीवरची सरहद्द नाहींशी झाली. शेवगांव आणि जालना एकाच देशाचीं गांवें झालीं.

घरीं येऊन मीं हें सारें पत्नीला सांगितलें, आणि मुलाच्या पत्राची प्रत तिच्यापुढें वाचली. परत न जाण्याची शपथ तींत कोठेंही नाहीं. उलट, पांच वर्षें हवें तितक्या वेळां जाण्यायेण्याची मोकळीक आहे. पुढें ती नवी करून घ्यावी लागते. २०२१ सालीं हा कागद त्याच्या हातीं असता, तर देश सोडण्यास परवानगी लागली असती खरी, कारण तेव्हां ती नागरिकांनाही लागे; पण परतीचें दार बंद होण्याचें भय तरी नसतें. ज्या कागदानें तो आम्हांला अंतरला असें आम्ही समजत होतों, तो नव्हता म्हणून तर तो आजीला अंतरला.

त्या दिवाळींत मुलगा आला तो महिनाभर राहिला, आणि एकदांही त्यानें दिवस मोजले नाहींत.

आतां पुढचा प्रश्न उभा आहे. कांहीं काळानें त्याला तेथलें नागरिकत्व मागतां येतें. पण तें घेतलें कीं भारताचें जातें, कारण आपला कायदा दोन नागरिकत्वें मानीत नाहीं. “बाबा, काय करूं?” असें तो विचारतो. मीं अद्याप उत्तर दिलेलें नाहीं, आणि आजोबांच्या कागदांत तें सांपडणार नाहीं हेंही मला कळतें. जाण्यापूर्वीं त्यानें तो कागद हातांत घेऊन बराच वेळ पाहिला, मग आपल्या पत्राची एक प्रत काढून त्याच पेटींत ठेवली. मी पेटी लावूं लागलों, तेव्हां त्याची आई म्हणाली, “कुलूप नका हो लावूं. लागेल पुन्हां.”