घट्टपणाविषयी थोडेसे

1989 साली आलेल्या पहिल्या मियाता गाडीला माज्दाने टर्बोचार्जर दिलेला नव्हता. हौशी माणसे तो मागाहून जोडतात. आम्हीही जोडला. नट नवे होते, पान्याचा जोर मोजून दिलेला होता. तरीही काही महिन्यांत एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या सांध्यातून वायू फुसफुसू लागला. प्रश्न केवळ आवाजाचा नव्हता. स्टड तुटून टर्बो लोंबकळला, तर तेलाची नळी निखळू शकते. आणि तापलेल्या धातूवर तेल पडले की आग.

प्रथमदर्शनी दोष कंपनांचा वाटतो. तो असतोच, पण मोठा वाटा उष्णतेचा. जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा वायू 900 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतो. स्टेनलेस स्टीलचा स्टड ओतीव लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावतो. शिवाय ताणलेला धातू त्या धगीत हळूहळू कायमचा लांबतो. नट तसूभरही फिरत नाही, पकड मात्र सुटलेली असते. नायलॉनची कडी असलेले नट येथे निरुपयोगी, कारण ती कडीच वितळते. म्हणून आम्ही निकेलप्रधान इन्कोनेलचे स्टड घातले, पाचरीसारखे दाते असलेल्या वॉशरांच्या जोड्या बसवल्या आणि टर्बोच्या वजनाला वेगळा आधार दिला.

साहित्याच्या वर्गात आपण ‘घट्ट बांधणी’ हे शब्द सढळपणे वापरतो, जणू बांधणे म्हणजे आवळणे. थंड इंजिनावर मोजलेला घट्टपणा अपुराच असतो. कादंबरीची बांधणीही तिच्या सर्वांत तापलेल्या प्रकरणात तपासावी, असे आम्हांला आता वाटते.