यादीबाहेरचे घर

परदेशाची सहल ठरली, की घरात सर्वांत आधी एक यादी जन्माला येते. नांदेडच्या एका कुटुंबाने 2024 च्या मे महिन्यात आठ दिवस इंग्लंड पाहिले, तेव्हा ती यादी मुलाने केली होती. कोणत्या दिवशी काय पाहायचे, तिकीट किती वाजताचे, गाडी कोठून सुटते, हे सारे तीत नोंदलेले होते. प्रवासी पाच : मुलगा, सून, दोन नातवंडे आणि सदुसष्ट वर्षांच्या आजी. आजींनी यादीत काहीच सुचवले नव्हते. चिवडा, डिंकाचे लाडू आणि गुडघ्यांना चोळायचे तेल एवढे त्यांनी आठवणीने बांधून घेतले.

सहल यादीबरहुकूम चालली. लंडनच्या किल्ल्यात राजमुकुटांसमोरून सरकता पट्टा आहे. त्यावर उभे राहायचे आणि पुढे जात जात पाहायचे. 1849 मध्ये लाहोरच्या अल्पवयीन महाराजा दुलीपसिंगांकडून इंग्रजांनी घेतलेला कोहिनूर असा काही क्षणांत डोळ्यांपुढून निघून गेला. नातू पुन्हा रांगेत शिरून दुसऱ्यांदा पाहून आला. स्टोनहेंजला वारा इतका बोचरा होता, की साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या शिळांपेक्षा शाल सांभाळण्याकडेच आजींचे लक्ष राहिले.

ग्रीनिचला मात्र त्या रमल्या. अंगणातील धातूच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून नात एकाच वेळी पूर्व आणि पश्चिम गोलार्धांत उभी राहिली. आजींचे घड्याळ अजून भारतीय वेळेवरच होते. नातीने हिशेब केला, तर साडेपाच तासांऐवजी साडेचारच तासांचा फरक निघाला. पुस्तक चुकले की घड्याळ, यावर बराच खल झाला. उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये घड्याळे एक तास पुढे करतात, हे समजल्यावर आजी म्हणाल्या, "म्हणजे सगळ्या जगाची वेळ ज्या गावावरून मोजायची, तेच गाव उन्हाळ्यात आपली वेळ बदलतं!"

शेवटच्या दिवशी मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय पाहायचे होते. तिकिटे दुपारी बाराची होती. आदल्या रात्री आजींनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. त्यावर एकच पत्ता होता : 10, किंग हेन्रीज रोड.

मुलगा म्हणाला, "आई, एक घरच आहे ते. तिथे बघण्यासारखं काय असणार?"

"तुम्ही पुतळे बघा. मला तिथवर पोहोचवा, मी पायरीवर बसून राहीन," आजी म्हणाल्या. त्यांच्या स्वरात राग नव्हता. पण कागद त्यांनी परत पिशवीत ठेवला नाही.

सकाळी सारेच निघाले. चॉक फार्म स्थानकापासून थोडे चालल्यावर एका शांत रस्त्यावर ते घर आले. शेजारच्या घरांसारखेच, वेगळेपण दर्शनी भिंतीवरील गोल निळ्या फलकाचे. 1921-22 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेऊन तेथे स्मारक केले.

आत छायाचित्रे होती, पुस्तके होती. वर जाणारा जिना पाहून सुनेने गुडघ्यांची आठवण करून दिली. आजी कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या. वरच्या खोलीत नातीने विचारले, "एवढे शिकलेले असून ते पुन्हा शिकायला कशाला आले?"

मग आजींनी सांगितले. 1916 मध्ये बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. परंतु बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. शाहू महाराजांची आणि एका मित्राची मदत झाली. 1920 मध्ये ते परत आले. 1921 मध्ये एम. एस्सी. आणि 1923 मध्ये, रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी, डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या.

"तुझ्या बाबाला हे ठाऊक आहे," आजी म्हणाल्या. "मी सतरा नंबरचा फॉर्म भरला तेव्हा तो चौथीत होता."

सातवीनंतर आजींची शाळा सुटली होती. लग्न झाले, दोन मुले झाली. मुले निजल्यावर त्या भूमितीची प्रमेये घोकत, आणि ती म्हणून घेण्याचे काम चौथीतल्या मुलाकडे असे. पहिल्या खेपेस गणित राहिले. दुसऱ्या खेपेस त्या मॅट्रिक झाल्या आणि पुढे अंगणवाडीत लागल्या. गणित राहिले त्या दिवशी त्यांच्या वडिलांनी, स्वतः अंगठा उठवणाऱ्या त्या माणसाने, याच लंडनची गोष्ट त्यांना सांगितली होती.

मुलगा खिडकीपाशी उभा होता. तो काही बोलला नाही. आजींनी पिशवी उघडली, तेव्हा ती त्याने आपल्या हाती घेतली.

बाहेर पडल्यावर जवळच्या प्रिमरोझ टेकडीवर ते सावकाश चढले. तेथून लंडन दूरवर पसरलेले दिसते. ब्रिटिश म्युझियम कोणत्या बाजूला, हे आजींनी विचारले. कारण बाबासाहेब तेथील वाचनालयात वाचत बसत. मुलाने बोट दाखवले. नातवाने लाडूंचा डबा उघडला. बारा वाजून बराच वेळ झाला होता.